दोन्ही औषधे एकदम का नाही देत?

‘डॉक्टर, दोन्ही औषधे एकदमच द्या ना.’ फुप्फुसाच्या कर्करोगाची चौथी स्टेज निघाली, की घरातले कोणी ना कोणी हे वाक्य बोलतेच. गोळी चांगली म्हणता, केमोही चांगली म्हणता, मग एक आधी आणि दुसरे नंतर कशाला? दहा मुळ्या एकत्र उकळल्या की दशमूळाचा काढा होतो. सुंठ, मिरी आणि पिंपळी एकत्र आली की त्रिकटू होते. हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे, तिथे असा प्रश्न येणारच, आणि तो अडाणीपणाचा नाही. जगभरचे कर्करोगतज्ज्ञ गेली वीस-पंचवीस वर्षे हाच प्रश्न हजारो रुग्णांना सोबत घेऊन विचारत आहेत. उत्तर कधी ‘हो’ आले, कधी ‘काही उपयोग नाही’ असे आले, आणि कधी ‘थांबा, यात जिवाला धोका आहे’ असेही आले. कोणत्या जोडीला कोणते उत्तर मिळेल, हे मोठमोठ्या तज्ज्ञांनाही आधी सांगता आलेले नाही.

२० मे हा आंतरराष्ट्रीय क्लिनिकल ट्रायल दिन. १७४७ साली याच दिवशी ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्हीने हिरड्या सुजलेले बारा खलाशी निवडले, त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला, असे मानले जाते. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे आठवड्याच्या आत सावरले. लिंडने हे १७५३ मध्ये छापले. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस जहाजांवर देण्याचा हुकूम काढला १७९५ मध्ये. मधल्या बेचाळीस वर्षांत किती खलाशी विनाकारण गेले असतील, याचा विचार या दिवशी तरी करावा, कारण उत्तर हाती येऊनही ते रुग्णापर्यंत न पोचण्याचा रोग अजून बरा झालेला नाही.

जोडऔषधाची कल्पना कर्करोगाकडे आली ती क्षयरोगावरून. आपल्याकडे गावोगाव ठाऊक आहे, की टीबीचे औषध एकच घेऊन चालत नाही आणि सहा महिने मध्येच सोडूनही चालत नाही. हे शहाणपण फार महागात मिळालेले आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत चौघे दगावले. नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ जणांपैकी चौदा दगावले. विजयच तो. पण जंतूंनी या एका औषधाला दाद देणे हळूहळू थांबवले आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला होता. पुढे स्ट्रेप्टोमायसिनला ‘पास’ या दुसऱ्या औषधाची जोड दिली, तेव्हा जंतूंना निसटायची वाट अवघड झाली. हाच विचार साठच्या दशकात अमेरिकेतील डॉक्टरांनी लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आणला आणि चार औषधे एकत्र दिली. त्यांतले एक मेथोट्रेक्सेट. ज्या संशोधनातून ते आले, त्यामागे आंध्रात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा हात होता.

फुप्फुसाच्या गाठीतही सगळ्या पेशी एकसारख्या नसतात. एका औषधाने नव्वद टक्के पेशी मेल्या तरी उरलेल्या दहा टक्क्यांतून रोग पुन्हा उभा राहतो आणि या वेळी तो त्या औषधाला भीत नाही. म्हणून दुसरा वार त्याच वेळी करावा, असे वाटणे साहजिक आहे. पण जंतूच्या बाबतीत जे खरे ठरले, ते आपल्याच शरीराच्या बिघडलेल्या पेशीच्या बाबतीत खरे ठरेलच असे नाही.

गेफिटिनिब या गोळीची कथा पाहा. काही रुग्णांच्या कर्करोगपेशींवर ईजीएफआर नावाचे एक बटण ‘चालू’ स्थितीतच अडकलेले असते. पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असा हुकूम मिळत राहतो. गेफिटिनिब ते बटण बंद करते. गोळी आली तेव्हा उत्साह एवढा होता, की ती केमोसोबत देण्याच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. दोन्ही मिळून दोन हजारांहून अधिक रुग्ण. २००४ मध्ये निकाल छापून आले. फायदा शून्य. अनेकांनी तेव्हाच जाहीर करून टाकले, की ही गोळी आणि केमो यांचे जमत नाही, गोळी पेशींना झोपवते आणि केमोला तर जाग्या, विभागणाऱ्या पेशी लागतात.

त्याच वर्षी बॉस्टनमधील संशोधकांनी दाखवून दिले, की ते अडकलेले बटण काही रुग्णांतच असते. म्हणजे त्या दोन हजारांतल्या बहुतेकांना ही गोळी लागू पडणारच नव्हती. २००९ मध्ये पूर्व आशियातील मोठ्या चाचणीने शिक्कामोर्तब केले: ईजीएफआरमध्ये हा बदल, म्हणजे अडकलेले बटण, असलेल्यांना केमोपेक्षा गोळी सरस, बदल नसलेल्यांना गोळीने उलट तोटा. तोपर्यंत ‘गोळी आणि केमो’ ही जोडी मात्र अडगळीत पडली होती. ज्यांच्यासाठी ती होती, त्यांच्यात तिची नीट परीक्षाच झाली नव्हती.

ती परीक्षा पुढे घेतली गेली आपल्या परळमध्ये, आणि म्हणूनच हा अग्रलेख.

टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ ते २०१८ या काळात ईजीएफआर बदल असलेले आणि रोग पुढे गेलेले ३५० रुग्ण घेतले. त्यांतल्या १७६ जणांना फक्त गेफिटिनिबची रोजची गोळी दिली. उरलेल्या १७४ जणांना गोळीसोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिनची केमो. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या हाती नव्हते, रुग्णाच्याही नाही. यात निवडक धडधाकट रुग्ण घेतले नव्हते, हे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. दर पाचांतला एक जण अंथरुणाला अर्धामुर्धा खिळलेला होता, आणि १८ टक्क्यांच्या मेंदूपर्यंत रोग गेला होता. परदेशी चाचण्यांत असे रुग्ण बहुधा दारातूनच परत पाठवले जातात. आपल्या ओपीडीत मात्र येतात ते हेच.

निकाल असा. एकट्या गोळीने रोग मध्यकानुसार आठ महिने थोपला. जोडीने सोळा. एकट्या गोळीच्या गटातील निम्मे रुग्ण सतरा महिन्यांच्या आत गेले होते. जोडीच्या गटात हिशेब मांडला तेव्हा निम्म्याहून अधिक जण अजून हयात होते. मृत्यूचा धोका निम्म्याहून खाली आला होता. २०१९ च्या जूनमध्ये शिकागोतील कर्करोगतज्ज्ञांच्या जागतिक अधिवेशनात हा निबंध वाचला गेला आणि २०२० मध्ये नामांकित नियतकालिकात छापून आला. त्याच सुमारास जपानमधील ३४५ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्षही आले. तिथेही रोग थोपण्याचा काळ साधारण बारा महिन्यांवरून एकवीसवर गेला.

या आकड्यांची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गंभीर दुष्परिणाम एकट्या गोळीत २५ टक्के रुग्णांना झाले, जोडीत ५१ टक्के. पांढऱ्या पेशी घसरणे, रक्त कमी होणे, प्लेटलेट्स खाली जाणे, भूक मरणे. एका गोळीवर घरी राहू शकणाऱ्या माणसाला दर तीन आठवड्यांनी डे-केअरच्या खुर्चीवर सलाइन लावून बसावे लागते. लातूर किंवा जळगावहून येणाऱ्या रुग्णासोबत मुलगा किंवा बायको आली, की दोन माणसांची मजुरी बुडते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळाली तर ठीक, नाही तर पदपथ आहेच. ज्येष्ठ, एकट्या, दूरच्या खेड्यातील रुग्णाने ‘मला गोळीच पुरे’ म्हटले, तर ते त्याचे स्वतःचे शहाणपण आहे. आणखी एक गोष्ट जाणकारांनी बोलून दाखवली. त्या काळी गेफिटिनिब निकामी ठरल्यावर पुढची ओसिमर्टिनिब गोळी घेणे फार थोड्यांना परवडत होते. परवडले असते, तर एकट्या गोळीच्या गटाचेही आयुष्य काहीसे वाढले असते. ही शंका रास्त आहे. पण भारतातल्या चाचणीने भारतातल्या रुग्णाची खरी परिस्थिती मोजली, यात आम्हाला उणेपणा दिसत नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण या विषयाची नाडी तिथे आहे. गेफिटिनिब, पेमेट्रेक्सेड, कार्बोप्लॅटिन ही तिन्ही औषधे भारतीय कंपन्या बनवतात आणि तुलनेने स्वस्तात विकतात. अशी तीन जुनी औषधे एकत्र दिली तर आयुष्य वाढते का, हे विचारण्यात कोणत्या बड्या कंपनीचा फायदा आहे? कोणाचाच नाही. कंपनी आपल्या नव्या औषधाला जोड शोधते, आणि ते तिच्या धंद्याला धरूनच आहे. २०२३ मध्ये ५५७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले, की ओसिमर्टिनिबला केमोची जोड दिली तर रोग थोपण्याचा काळ १६.७ महिन्यांवरून २५.५ वर जातो. २०२५ मध्ये आयुष्यही सुमारे ३७.६ महिन्यांवरून ४७.५ महिन्यांपर्यंत वाढल्याचे समोर आले. म्हणजे परळने स्वस्त औषधांतून जी दिशा आधी दाखवली, तीच पुढे महागड्या गोळीच्या बाबतीत खरी ठरली. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबसह तीन कर्करोग-औषधांवरचे सीमाशुल्क काढले गेले. पाऊल चांगले होते. पण शुल्क काढूनही ती गोळी शेतमजुराच्या घरात जात नाही.

बदल नसलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये ६१६ रुग्णांच्या चाचणीने दाखवले, की केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागी करणारे औषध दिले, तर वर्षभराने ६९ टक्के रुग्ण जिवंत राहतात, नुसत्या केमोने ४९ टक्के. जगात ही जोडी नेहमीची झाली. आपल्याकडे एका डोसचे बिल लाखांत जाते, आणि डॉक्टर ते औषध कागदावर लिहितानाच रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघणे टाळतो. म्हणून टाटा मेमोरियलनेच डोके आणि मानेच्या कर्करोगात केलेला प्रयोग आम्हाला एवढा महत्त्वाचा वाटतो. निवोलुमॅब या याच घराण्यातील औषधाचा नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमच्या आसपास. तिथे दिला फक्त २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त औषधांच्या जोडीने. १५१ रुग्णांत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. फुप्फुसासाठी असाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आणि सरकारी पैशातून विचारला गेला पाहिजे.

काही वाचक म्हणतील, इतके निकाल चांगले येत असतील तर थेट सगळ्यांना सगळे का देत नाही? चाचणी कशाला, गट ठरवायला चिठ्ठ्या कशाला? त्यांच्यासाठी दोन उदाहरणे. ओसिमर्टिनिबला दुर्व्हालुमॅब या दुसऱ्या औषधाची जोड देऊन पाहिली, तेव्हा सुमारे ३८ टक्के रुग्णांची फुप्फुसेच सुजली आणि ती चाचणी त्या गटापुरती थांबवावी लागली. दोन्ही औषधे स्वतंत्रपणे उत्तम, पण एकत्र आली की घातक. दुसरे उदाहरण ताजे आहे. अमेरिकेत १३६ रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत रामुसिरुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही जोडी आशादायक दिसली. मग तिथल्या सार्वजनिक संशोधन-जाळ्याने ‘प्रॅग्मॅटिका-लंग’ नावाची मोठी चाचणी आखली. अटी अगदी कमी, कागदपत्रे कमी, छोट्या शहरांतील रुग्णालयांचेही रुग्ण. आठशेहून अधिक रुग्ण सहभागी झाले. छोट्या चाचणीत दिसलेला फायदा मोठ्या चाचणीत टिकला नाही. हे अपयश नव्हे. दुष्परिणाम आणि खर्च अंगावर घेऊन हाती काही न येण्यापासून या निकालाने हजारो रुग्णांना वाचवले आहे.

चाचणीबद्दल लोकांच्या मनात भीती आहे आणि ती उगाच नाही. आंध्र प्रदेश व गुजरातमधील मुलींवर झालेला एचपीव्ही लसीचा अभ्यास २०१० मध्ये थांबवावा लागला. पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्याचे उघड झाले आणि पुढे संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. ‘आमच्यावर प्रयोग करतात’ हे वाक्य तेव्हापासून आणखी घट्ट रुजले. नंतर नियम बरेच बदलले. भारतात होणारी प्रत्येक चाचणी सरकारी नोंदवहीत आधी नोंदवण्याची सक्ती २००९ पासून आहे. २०१९ च्या नियमांनुसार नुकसानभरपाई, नीतिसमिती आणि काही चाचण्यांत संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. कागदावर आज भारतीय रुग्णाला बरेच संरक्षण आहे.

पण संमतीचा कागद कोणत्या भाषेत लिहिलेला असतो? मराठीतच असतो, पण कसल्या मराठीत! ‘यादृच्छिकीकरणाद्वारे आपली नियुक्ती प्रायोगिक शाखेत होऊ शकेल’ असे वाक्य समोर ठेवले, तर कोकणातला आंबेवाला काय किंवा पदवीधर शिक्षिका काय, दोघेही मान डोलावतील आणि सही करतील. ‘तुम्ही कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल. डॉक्टरही ते ठरवणार नाहीत. नको वाटले तर कधीही बाहेर पडा, उपचार थांबणार नाहीत’ हे तीन वाक्यांत सांगता येते. मराठी माणसाने देवळात कौल लावला आहे, भिशीची चिठ्ठी काढली आहे. त्याला निरपेक्ष निवड समजते. न समजणारा शब्द त्याच्या गळ्यात मारून घेतलेली सही ही संमती नव्हे. संमतीपत्र तपासायला प्रत्येक नीतिसमितीने एखाद्या बरे झालेल्या रुग्णाला, एखाद्या आशा सेविकेला बसवावे. वैद्यकीय परिभाषाकोशाचा अभिमान आम्हालाही आहे, पण ती परिभाषा निबंधात शोभते, मरणाच्या दारात बसलेल्या माणसाच्या हातात नाही.

या दिनानिमित्त राज्य सरकारकडे आणि केंद्राकडे आमची मागणी साधी आहे. जुन्या आणि स्वस्त औषधांच्या जोड्या तपासणाऱ्या चाचण्यांसाठी स्वतंत्र, कायमचा निधी ठेवा. देशातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारा नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून उभा आहे, एकत्रित औषधखरेदीही करतो आहे. ‘प्रॅग्मॅटिका’सारखी कमी अटींची, मोठी, सरळ चाचणी त्याच जाळ्यातून छत्रपती संभाजीनगर, नागपूर, गुवाहाटी, तिरुवनंतपुरम येथे एकाच वेळी चालवता येईल. आणि ज्या तपासणीवाचून यातले काहीच करता येत नाही, ती ईजीएफआरची तपासणी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रत्येक नव्या योग्य रुग्णाला सरकारी खर्चाने मिळावी. भारतातल्या या कर्करोगाच्या ज्या मुख्य प्रकारात ही तपासणी करतात, त्यात साधारण चारांतल्या एकामध्ये हा बदल सापडतो, आणि त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात विडीही ओढलेली नसते. त्यांना सिगारेटवरून बोल लावत बसण्यापेक्षा तो एक रिपोर्ट वेळेवर येणे अधिक गरजेचे आहे.

त्या ३५० जणांची नावे निबंधात नाहीत, नियमानुसार नसायलाच हवीत. त्यांतले बहुतेक आज हयात नसतील. कोण होते, कुठून आले, चिठ्ठीत एकटी गोळी निघाली तेव्हा त्यांना काय वाटले, हे आपल्याला कळणार नाही. पण आज ज्या रुग्णाला पहिल्याच दिवशी गोळी आणि केमो दोन्ही सुचवली जातात, त्याच्या उपचारात त्यांचा वाटा आहे.

घरी कोणाचा खोकला तीन आठवडे थांबत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल, तर नुसत्या एक्स-रेवरून टीबीची औषधे सुरू करून महिने काढू नका. थुंकी तपासा, गरज असेल तर सीटी आणि बायोप्सी करा. कर्करोग निघालाच, तर पहिली औषधे सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: ईजीएफआरचा रिपोर्ट आला का, आणि माझ्या माणसाला बसेल अशी एखादी चाचणी कुठे चालू आहे का?